उणे तीसमध्ये पाण्याला आधण

चहा उकळण्याची स्पर्धा म्हटलं की ऐकणाऱ्याला गंमत वाटते. मी नाव दिल्याचं कळवलं तेव्हा साताऱ्याहून भावाने विचारलं, "आलं-वेलदोडा चालतो का?" इथली परिस्थिती त्याला ठाऊक नव्हती. थंडी उणे तीस अंशांची, जागा उघड्यावरची, हाताशी एक ओंडका, एक कुऱ्हाड, थोड्या काड्या आणि काळवंडलेला डबा. एवढ्यावर पाणी खळखळा उकळवायचं, तेही शेजारच्याच्या आधी. उत्तर कॅनडाच्या जंगलात बर्फ फुटून पाय पाण्यात गेला, तर ज्याला हे झटपट जमतं तो घरी परततो. म्हणून इथले लोक ही स्पर्धा बारकाईने बघतात, आणि ज्याचा जाळ आधी धरतो त्याला दाद देतात.

द पॉ हे गाव मॅनिटोबा प्रांतात, विनिपेगच्या वायव्येला सुमारे ६०० किलोमीटरवर, सस्कॅचेवान नदीच्या काठी आहे. पलीकडच्या तीरावर ओपास्क्वायाक क्री नेशन, म्हणजे क्री या मूळ रहिवाशांची वस्ती. क्री लोक या नदीकाठी गाव वसण्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. हडसन उपसागरावरच्या चर्चिलला जाणारी रेल्वे इथूनच उत्तरेकडे वळते. नोकरीनिमित्त मी इथे आले आणि पहिल्याच हिवाळ्यात नॉर्दर्न मॅनिटोबा ट्रॅपर्स फेस्टिव्हल पाहिला. ट्रॅपर म्हणजे सापळे लावून बीव्हर, मस्करॅट, मार्टिन, लिंक्स अशी फरची जनावरं धरणारा. त्याच्या सापळ्यांची ठरलेली वाट असते, तिला ट्रॅपलाइन म्हणतात. हिवाळ्याचे महिने तो तिथेच काढायचा आणि फर विकायला, माल भरायला गावात यायचा. अशा लोकांच्या गाठीभेटी आणि पैजा यांतून हा उत्सव उभा राहिला. १९१६ साली इथे कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाडीची, म्हणजे स्लेजची पहिली मोठी शर्यत झाली, आणि ट्रॅपर्स फेस्टिव्हल या नावाचा उत्सव १९४८ पासूनचा.

शर्यतीचा मान अजून मोठा आहे. याच गावातून पुढे आलेल्या एमिल सेंट गोडार्डने १९३२ च्या लेक प्लॅसिड हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून झालेली स्लेजची शर्यत जिंकली, आणि तीही अलास्काच्या नामांकित लिओनार्ड सेपालाला मागे टाकून. त्याचा म्होरक्या कुत्रा टोबी थकला तेव्हा त्याने शर्यतीच सोडून दिल्या. ही गोष्ट इथली माणसं फार जिव्हाळ्याने सांगतात.

माझं लक्ष मात्र पहिल्यापासून किंग ट्रॅपरच्या स्पर्धांनी वेधलं. पिठाची पोती वाहायची, ओंडके कापायचे, सापळे लावायचे, मस्करॅट सोलायचा, मूस नावाच्या मोठ्या हरणाला साद घालायची, बर्फात पाय रुतू न देणारे रुंद स्नोशू बांधून धावायचं, चहा उकळायचा, बॅनक नावाची भाकरी भाजायची. एकाच माणसाने हे सगळं करायचं आणि गुणांची बेरीज होऊन राजा ठरायचा. एखाद्याच गोष्टीत तरबेज असलेला इथे मागे पडतो. जंगलात एकट्याने राहणाऱ्याला पोतं वाहायला एक माणूस आणि भाकरी भाजायला दुसरा असं कुठून मिळणार? मला किंग ट्रॅपर व्हायचं नव्हतं. हौशी लोकांना ज्यात उतरता येतं त्या चहा आणि बॅनक या दोन प्रकारांत मी नाव दिलं. पण शिकायचं तर नीट, म्हणून माझ्या एका सहकारिणीच्या आईकडे गेले. त्या क्री आहेत, सत्तरी ओलांडलेल्या, आणि त्यांचं लहानपण आईवडिलांबरोबर ट्रॅपलाइनवर गेलेलं. मी त्यांना आजीच म्हणते.

आजींनी पहिल्या खेपेला माझ्या हातात कुऱ्हाड दिलीच नाही. "आधी झाडं बघ," म्हणाल्या. गावाबाहेर काळ्या स्प्रूसचं, म्हणजे सूचिपर्णी झाडांचं रान आहे, तिथे आम्ही गुडघाभर बर्फातून हिंडलो. जळणासाठी आडवं पडलेलं झाड घ्यायचं नाही, ते बर्फाखाली ओल धरून असतं. उभं वाळलेलं झाड शोधायचं. साल सुटलेली, फांद्यांना हिरवा टिपूस नाही, आणि कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकलं तर खणखणीत वाजणारं. ओलं झाड बद्द वाजतं. आजींनी मला दोन्ही आवाज पुन्हा पुन्हा ऐकवले, मग पाठ फिरवून उभं केलं आणि नुसत्या आवाजावरून कुठलं झाड ते सांगायला लावलं.

बारीक जळण स्प्रूसच्याच बुंध्याशी मिळतं. वरच्या दाट फांद्यांची छत्री असल्यामुळे खालच्या वाळक्या काटक्यांवर बर्फ साचत नाही. त्या मोडून बघायच्या. कट्कन तुटली तर घ्यायची, वाकली तर सोडून द्यायची. काडीपेटीच्या काडीएवढ्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या, अशा तीन जुड्या वेगळ्या ठेवायच्या. आणि पेटवण म्हणून बर्चची साल. तिच्या कागदासारख्या पापुद्र्यांत तेलकट अंश असतो, त्यामुळे ती भिजलेली असली तरी पेटते आणि काळा धूर सोडत भरभर जळते. ही साल आजी फक्त पडलेल्या झाडाची काढतात. जित्या झाडाची साल खोडाभोवती सगळीकडून सोलली तर ते मरतं, आणि उत्सवाच्या हौसेपायी झाड मारणं त्यांना मुळीच खपत नाही.

कुऱ्हाड हातात आली तेव्हा आधी ती ऊबेला ठेवायला शिकले. कडाक्याच्या थंडीत पोलाद ठिसूळ होतं, आणि गोठलेल्या गाठीवर गार पातं बसलं तर धारेचा तुकडा उडतो. म्हणून घाव घालण्याआधी पातं थोडा वेळ कोटाच्या आत किंवा शेगडीजवळ धरायचं. फोडताना गुडघ्यांवर बसायचं. अंगावर कपड्यांचे थरावर थर, पायात जाड बूट, हातात मिटन म्हणजे बोटं एकत्र राहणारे हातमोजे, अशा अवस्थेत उभ्याने घाव चुकला तर तो नडगीवर येतो. गुडघ्यांवर बसलं की चुकलेला घाव जमिनीत जातो. थंडीने लाकूड मात्र आपल्या बाजूचं होतं. गोठलेला सरळ धाग्याचा ओंडका एका घावात टणकन दुभंगतो, उन्हाळ्यात त्याच ओंडक्याने दमवलं असतं.

फोडलेल्या लाकडाच्या आतली कांडी कोरडी ठणठणीत असते. तिच्यावर सुरीने पातळ पापुद्रे काढत जायचं, पण ते सुटू द्यायचे नाहीत, कांडीलाच कुरळे लटकत राहिले पाहिजेत. अशा दोन-तीन कांड्या झाल्या की बर्चची साल नसली तरी निभावतं. आजींच्या सुरीखाली पापुद्रे एकसारखे वळत येतात. माझे जाडेभरडे निघायचे, पण पेटायचे. जाळ थेट बर्फावर लावायचा नाही, खालचा बर्फ वितळतो आणि निखारे त्यात बुडून विझतात. ओल्या लाकडांचा बिछाना करायचा, त्यावर आग.

पाण्याचं शास्त्रही आजींनी समजावलं. रिकाम्या डब्यात नुसता भुसभुशीत बर्फ कोंबून जाळावर ठेवला तर तळाचा बर्फ वितळून वरच्यात शोषला जातो, तळ कोरडाच राहतो, डबा करपतो आणि पाण्याला करपट वास लागतो. म्हणून तळाशी आधी थोडं पाणी हवं. बर्फ वरचा कापसासारखा घ्यायचा नाही, जमिनीलगतचा साखरेच्या दाण्यांसारखा खोदून काढायचा, त्यात पाणी जास्त असतं. घरी आल्यावर मी आकडे पाहिले. शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात त्याच वजनाचं शून्य अंशाचं पाणी जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापतं. आजींना हा आकडा माहीत असायचं कारण नाही, पण आधणासाठी म्हणून बाजूला काढलेल्या जुडीच्या दुप्पट जुडी त्या बर्फासाठी बांधतात.

बॅनकचं पीठ मला सोपं जाईल असं वाटलं होतं. मैदा, बेकिंग पावडर, मीठ, डुकराच्या चरबीचं म्हणजे लार्डचं मोहन आणि पाणी. फरच्या व्यापारात आलेल्या स्कॉटिश लोकांची ही भाकरी, पण आता उत्तरेतल्या मूळ रहिवाशांच्या प्रत्येक घरात ती होते आणि प्रत्येक घरची वेगळी असते. हातांना मात्र जुनी सवय सोडायला लावावी लागते. आपण कणीक तिंबतो. बॅनकचं पीठ जेमतेम गोळा होईपर्यंतच हलवायचं, नाहीतर भाकरी चिवट होते. पॅनमध्ये थापून खालची बाजू निखाऱ्यांवर धरते-न धरते तोच पॅन जाळासमोर तिरका उभा करायचा, म्हणजे वरून धग लागून ती फुगते. ज्वाळेवर धरली तर बाहेरून काळी आणि आतून कच्ची. आजी फक्त निखाऱ्यांकडे बघून पॅन कधी तिरका करायचा ते सांगतात. मला ते जमेना, म्हणून मी आमच्या घरची पद्धत धरली: पॅनजवळ हात न्यायचा, किती वेळ टिकतो ते बघायचं, त्यावरून धग मोजायची.

उत्सवाच्या दिवशी नदीकाठी माणसांची दाटी होती. स्लेजच्या कुत्र्यांचं भुंकणं, हेल काढून ओरडणं सगळीकडून ऐकू येत होतं. माझी वेळ दुपारची, म्हणून आधी पिठाची पोती वाहणाऱ्यांकडे गेले. स्पर्धक थोडा वाकून उभा राहतो, मदतनीस त्याच्या पाठीवर एकावर एक पोती रचतात, आणि तो ठरलेलं अंतर चालून दाखवतो. बघता बघता शेकडो पौंड होतात. ओझं वाढलं की मैदान गप्प होतं, फक्त बर्फावर बुटांची करकर. एक जण शेवटच्या पोत्यानंतर बराच वेळ हलला नाही. मग त्याने टाच न उचलता डावा पाय सरकवला, मग उजवा. पावलं उचलून टाकायचा मोह आवरणं हेच त्याचं कसब होतं, कारण उचलल्या पावलाला तोल गेला की सगळा डोलारा खाली. या स्पर्धेमागे खरी मजुरी आहे. फरच्या व्यापाराच्या काळात होड्यांतून माल नेणारे मजूर, म्हणजे व्हॉयाजर, दोन पाण्यांमधला जमिनीचा पट्टा ओलांडताना ९० पौंडांची, म्हणजे ४० किलोंहून जड, अशी दोन गाठोडी एका खेपेला घ्यायचे. भार कपाळावरून घेतलेल्या चामडी पट्ट्यावर. त्या माणसांची नावं फारशी कुठे नोंदलेली नाहीत. पोत्यांखाली चालणारा तो तरुण पाहताना मला त्यांची आठवण आली आणि डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

मूसची साद घालणाऱ्यांनी बर्चच्या सालीचा कर्णा तोंडाला लावला. शरद ऋतूत मूसची मादी लांबलचक, नाकातून काढल्यासारखा हंबरडा फोडते, त्यावर नर येतो. एका वयस्क स्पर्धकाने कर्णा आधी जमिनीकडे वळवून आवाज काढला, मग हळूहळू वर नेला, आणि शेवटी अर्ध्यातच तोडला. आजी शेजारी उभ्या होत्या. "पूर्ण केला असता तर नर सावध झाला असता," त्या म्हणाल्या.

सापळ्यांच्या स्पर्धेबद्दल मला मोकळेपणाने लिहायचंय, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांना तिथेच अडखळायला होईल. मलाही झालं. फरसाठी जनावर मारणं मला अजूनही सहज पचत नाही. पण इथे राहून काही गोष्टी कळल्या. सापळ्यांत जनावर तडफडत राहू नये म्हणून निकष आहेत, आणि १९९७ साली कॅनडा, रशिया आणि युरोपीय संघ यांनी त्यासाठी करारही केला. कॅनडातल्याच फ्रँक कोनिबेअर या ट्रॅपरने जनावर झटक्यात मरावं म्हणून नवा सापळा बनवला, त्याच्या नावाने तो आजही ओळखला जातो. स्पर्धेत हेच सापळे लावतात, आणि ती जाड स्प्रिंग दाबून आकडा बसवताना बोटं कुठे ठेवायची हे पाहण्यासारखं असतं. ट्रॅपर बीव्हरचं मांस खातो, फर विकतो आणि पुढच्या वर्षीही जनावरं राहावीत म्हणून किती धरायची ते मोजून ठरवतो. १९८० च्या दशकात युरोपातल्या फरविरोधी लाटेने भाव कोसळले तेव्हा सगळ्यात आधी उत्तरेतल्या या गावांचं रोख उत्पन्न गेलं. त्या चर्चेत ट्रॅपलाइनवरच्या बाईला कुणी विचारलं होतं का, हा आजींचा प्रश्न मला रास्त वाटतो.

मस्करॅट सोलणाऱ्यांपाशी आजी सर्वांत जास्त वेळ थांबल्या. द पॉच्या खाली सस्कॅचेवान नदी एका प्रचंड दलदलीत पसरते. उत्तर अमेरिकेतला समुद्रापासून दूर असलेला हा सर्वांत मोठा त्रिभुज प्रदेश, सुमारे १०,००० चौरस किलोमीटरचा. मस्करॅटचं हे माहेरघर. १९६० च्या दशकात ग्रँड रॅपिड्सला वीजधरण झालं, सीडर लेकची पातळी वर चढली, दलदलीचा मोठा भाग पाण्याखाली गेला. चेमावाविनच्या क्री लोकांना १९६४ मध्ये आपलं गाव सोडून ईस्टरव्हिलला हलावं लागलं. धरणग्रस्तांच्या अशाच हकिगती मी कोयनेच्या लोकांकडून ऐकल्या आहेत, त्यामुळे हे ऐकताना मला फारसं समजावून द्यावं लागलं नाही. स्पर्धेतली म्हातारी माणसं सुरी फक्त दोन-तीन ठिकाणी लावतात, बाकी कातडं अंगठ्यानेच सोडवतात, मोजा काढावा तसं अखंड. कातडीला एक चीर गेली तरी भाव पडतो. त्यांची बोटं ज्या दलदलीत हे शिकली, तिचा बराचसा भाग आता तळ्याखाली आहे.

दुपारी माझं नाव पुकारलं. रांगेत प्रत्येकाच्या समोर ओंडका, कुऱ्हाड, ठरलेलं पाणी असलेला डबा. पाण्यावर उभ्या उभ्या बर्फाची साय धरली होती. वारा नदीकडून येत होता, म्हणून मी पाठ नदीकडे करून गुडघ्यांवर बसले. शिट्टी झाली. पहिला घाव गाठ चुकवून कडेला घातला, ओंडका दुभंगला, आतून पिवळट कोरडं लाकूड आणि राळेचा वास. चौथ्या भागाच्या झिलप्या काढल्या, एका कांडीवर पापुद्रे. मिटन काढल्यावर बोटं चालतात ती जेमतेम मिनिटभर, मग टोकं बधिर होतात आणि काडी हातात आहे की नाही तेही कळत नाही. म्हणून जे काही नाजूक काम, ते सगळं त्या मिनिटात. काडी सालीच्या कडेखाली धरली. साल आधी आक्रसली, मग तिच्या टोकाला काळ्या धुराची रेघ उठली आणि जाळ पापुद्र्यांवर चढला.

त्यावर बारीक काटक्या आडव्या-उभ्या. एकदम घातल्या तर आग गुदमरते, कमी घातल्या तर वारा खाऊन टाकतो. जाळाचा आवाज ऐकायचा असतो. फडफडला तर वारा जास्त, धुपला तर हवा कमी. तो एकसुरी घूं करायला लागला तेव्हा फोडलेल्या दोन जाड ढलप्यांवर डबा ठेवला, ज्वाळा त्याच्या कडांना वेढतील इतका खाली. सायीचा तुकडा फिरत फिरत नाहीसा झाला.

शेजारची मुलगी, विशीची असेल, अजून लाकूडच फोडत होती. आमचे सगळ्यांचे जाळ लागले तरी ती शांतपणे तिच्या ओंडक्याच्या बोटाएवढ्या काड्या करत राहिली. मग सगळ्या एकदम रचल्या आणि एकच काडी लावली. तिचा जाळ उठला तो डब्याच्या वर हातभर. बोटाएवढ्या लाकडाला धरायला वेळ लागत नाही आणि सगळी उष्णता एका दमात मिळते, हे मला तिच्याकडे बघून कळलं. माझ्या डब्यात तळाशी मोत्यांसारखे बुडबुडे धरत होते तेव्हा तिचं पाणी उतू चाललं होतं. पंच डब्यात डोकावले आणि त्यांनी हात वर केला. माझ्या पाण्याला आधण आलं, खळखळलं, चहाची पूड पडली, तोवर निम्मे लोक उठून उभे होते. मी मधल्या क्रमांकावर आले. आजी टाळ्या वाजवत होत्या आणि त्या मुलीच्या राखेकडे बोट दाखवत होत्या. तिच्याकडे एकही अर्धवट जळलेली ढलपी उरली नव्हती.

बॅनकला आमच्या घरची पद्धत कामी आली म्हणावं लागेल. हात निखाऱ्यांवर धरून धग मोजली, पॅन तिरका केला, फुगल्यावर बोटाने वाजवून पाहिली. पंचांनी मोडली तेव्हा आतून वाफ आली, कच्चा भाग कुठे नव्हता. एका पंचांनी दुसरा तुकडा घेतला. मला क्रमांक मिळाला नाही, पण आजींनी उरलेला बॅनक रुमालात बांधून घरी नेला, आणि संध्याकाळी त्यांच्या घरी तो मूसच्या रश्श्याबरोबर सगळ्यांनी खाल्ला. मी मांस खात नाही, म्हणून मला लोणी आणि रानबेरीचा मुरंबा.

मॅनिटोबात पहिल्यांदा ट्रॅपिंगचा परवाना घेणाऱ्याला प्रांताचा प्रशिक्षणवर्ग करावा लागतो. परवाना मला नको आहे, पण वर्गात बसायची परवानगी मिळते का ते विचारून ठेवलंय, कारण सापळ्यांबद्दल मत बनवायचं तर ते हाताळून बनवावं असं मला वाटतं. आजींनी मात्र पुढच्या फेब्रुवारीसाठी वेगळीच तयारी सांगितली आहे. पानगळ झाली की पडलेली बर्चची झाडं मी स्वतः हुडकायची, साल काढून सपाट दाबून वाळवायची, आणि चहाच्या स्पर्धेला त्यांच्या नातीलाही बरोबर घेऊन उतरायचं. ती अकरा वर्षांची आहे. परवा तिला कुऱ्हाड कोटात ऊबेला ठेवायला मी शिकवलं.